मला बाहेर बसायला सांगितलं

सोमवार, ९ फेब्रुवारी

एकवीस दिवस. डॉक्टरला नुसतं भेटायला एकवीस दिवस थांबायचं. लेकीने फोन लावला, अर्धा तास त्यातला बाजा ऐकला आणि मग पलीकडच्या बाईने दोन मार्च ही तारीख अशी दिली की जणू आमच्यावर उपकारच केले. मी म्हटलं, सांग तिला, पेशंट बासष्ट वर्षांची आहे, एक मजला चढली की पायरीवर बसते. लेक म्हणाली, सांगितलं बाबा, त्यांनी लिहून घेतलंय. लिहून घेणं म्हणजे काय असतं ते मला कुणी शिकवू नये. पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागात मी एकतीस वर्षं काढली आहेत. आमच्याकडे निदान प्रत्येक तक्रारीला सात दिवसांत लेखी उत्तर जायचं, मग नळाला पाणी येवो न येवो.

आमचा तिकडचा डॉक्टर जीभ बघून औषध द्यायचा. इथे परदेशात लेकीकडे कायमचं राहायला येऊन दहा महिने झाले, अजून एका डॉक्टरचं तोंड पाहिलेलं नाही. हिला झालंय काय, तर पित्त. मी रोज संध्याकाळी पेलाभर गार दूध देतो, ही मुकाट्याने पिते. पण लेकीच्या डोक्यात बसलंय की आईचा रंग उतरलाय. या थंडीत रंग कुणाचा उतरत नाही?

आणखी एक. घरात कपड्यांचं मशीन असताना ही सगळ्यांच्या आधी उठून न्हाणीघरात चादर हाताने धुते. आठवड्यातून दोनतीनदा तरी. आज मी बोललोच. एका चादरीला इतकं पाणी, आणि तेही पाण्याच्या खात्यात जन्म घालवलेल्या माणसाच्या घरात? म्हणाली, चुकलं. चुकलं म्हणते आणि परत धुते.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

हिच्या आजाराचं निवेदन तयार केलं. दोन पानं. पार्श्वभूमी, लक्षणं, केलेले उपाय आणि विनंती. लेकीने ते इथल्या भाषेत करून दिलं, मी घोकतोय. वाचनालयातल्या भाषेच्या वर्गाला उगीच नाही गेलो इतके महिने. ही काही आली नाही वर्गाला, घरचं कोण बघणार होतं?

हिला मराठीत वाचून दाखवलं. मटार सोलत होती. म्हणाली, छान लिहिलंय. मग बऱ्याच वेळाने विचारलं, डॉक्टर बाई असेल की पुरुष? मी म्हटलं, डॉक्टर तो डॉक्टर, आपल्याला काय सोयरीक जुळवायची आहे? हसली नाही. हल्ली हिला विनोद कळेनासे झालेत.

सोमवार, २ मार्च

आजचं सगळं लिहून ठेवतो, कारण तक्रारीत तपशील लागतो.

लेकीला गोदामाच्या ऑफिसात सुट्टी मिळाली नाही, म्हणून आम्ही दोघंच गेलो. दवाखाना म्हणजे एक लांबलचक खोली, भिंतीला चिकटवलेल्या खुर्च्या, आणि काउंटरमागे एक चष्मेवाली. तिने माझ्याकडे न बघता हिचं कार्ड मागितलं. मग पाऊण तासाने दारातून हाक आली, आणि ती कशी, तर हिचं नुसतं नाव घेऊन. बाई नाही, ताई नाही, आडनावसुद्धा नाही. हिच्या वडिलांनंतर हिला कुणी त्या नावाने हाक मारली नसेल. मला क्षणभर कळलंच नाही कुणाला बोलावतायत. ही मात्र लगेच उठली.

डॉक्टर निघाली बाई, आमच्या लेकीहून लहान. मी नमस्कार केला, निवेदन काढलं आणि वाचायला लागलो. अर्धं पान तिने ऐकून घेतलं. मग खुर्ची वळवून हिला काहीतरी विचारलं. हिला भाषा येत नाही, म्हणून मी उत्तर दिलं. तिने परत हिलाच विचारलं. मी परत उत्तर दिलं. तिसऱ्यांदा तिने हात वर केला, शाळेत बाई करतात तसा, आणि टेबलावरच्या फोनचं बटण दाबलं.

फोनमधून मराठी आलं. स्वच्छ मराठी, बाईचा आवाज, वय सांगता येणार नाही. म्हणाली, नमस्कार, मी दुभाषी बोलते आहे. दोन्ही बाजूंनी जे बोललं जाईल ते सगळं सांगेन, माझ्या पदरचं काही घालणार नाही. मी म्हटलं, ताई, इथे दुभाष्याची गरज नाही, मी आहे. तिने ते डॉक्टरीणबाईंना सांगितलं. डॉक्टरीणबाई काहीतरी बोलल्या आणि फोन म्हणाला, "डॉक्टर विचारतायत, मी प्रत्येक पेशंटशी थोडा वेळ एकटीने बोलते. तुमचे मिस्टर बाहेर बसले तर चालेल का?"

हे मला विचारलं नाही. हिला विचारलं. आणि हिने मांडीवरच्या पिशवीची चेन ओढत ओढत सांगितलं, "चालेल."

अडतीस वर्षांचा संसार. नोकरीत अधीक्षक अभियंत्याने मला केबिनबाहेर काढलं नाही. आणि इथे हातात दोन पानांचं निवेदन धरून मी कॉरिडॉरमध्ये उभा. दाराला अरुंद काच होती. माझ्याकडे हिची पाठ होती, पण हात दिसत होते. हातवारे करून बोलत होती. इतकं बोलताना मी हिला कित्येक वर्षांत पाहिलेलं नाही. एकदा डॉक्टरीणबाईंनी कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला. चाळीस मिनिटं.

बाहेर आली तेव्हा डोळे लाल. म्हणाली, काही नाही, रक्त तपासायला सांगितलंय, आणि पुढच्या आठवड्यात मोठ्या हॉस्पिटलात जायचंय. मी म्हटलं, पित्ताला मोठं हॉस्पिटल कशाला? ती दाराकडे चालायला लागली. मी चष्मेवालीकडे गेलो आणि माझ्या बायकोला काय झालंय ते सांगा म्हटलं. तिने गोड आवाजात सांगितलं की ते तुम्हाला फक्त त्याच सांगू शकतील. मी नवरा आहे, मी म्हटलं. हे वाक्य मला चांगलं येतं, वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. ती म्हणाली, हो, आणि माझ्यामागच्या माणसाला पुढे बोलावलं.

बुधवार, ४ मार्च

अबोला धरला आहे. कालपासून कुणाशी एक शब्द नाही. आज संध्याकाळपर्यंत ते कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

मंगळवार, १० मार्च

काल मोठ्या हॉस्पिटलात हिच्याबरोबर लेक गेली. तिच्या ऑफिसात म्हणे एकदम सुट्टी मिळाली. मी बूट घालून दारात उभा होतो. लेक म्हणाली, बाबा, आज आम्ही दोघीच जातो. दोघीच. जावई समोर चहा पीत बसला होता, त्याने मान खाली घातली. म्हणजे त्यालाही माहीत आहे. बसगाड्या दुरुस्त करणाऱ्या माणसाला माझ्या बायकोचा आजार माहीत, आणि मला नाही.

परत आल्यावर ही सरळ आडवी झाली. पोटाशी गरम पाण्याची पिशवी. मी गार दूध नेऊन दिलं. प्यायली नाही.

आता तक्रार करणारच. एकतीस वर्षं मी लोकांच्या तक्रारी वाचल्या, चांगली तक्रार कशी लिहावी हे मला ठाऊक आहे. शिवीगाळ नको, रडगाणं नको. घटना, तारीख, वेळ, झालेला अपमान, मागणी. मागणी अशी की विवाहित स्त्रीच्या तपासणीच्या वेळी नवऱ्याला बाहेर काढण्याची पद्धत ताबडतोब बंद व्हावी आणि माझी लेखी क्षमा मागावी. चार पानं झाली. वाचून माझं मलाच बरं वाटलं.

गुरुवार, १२ मार्च

तक्रार भाषांतराला लेकीकडे दिली. तिने उभ्याउभ्या चारही पानं वाचली, ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "पाठवते. पण त्याआधी एकदा आईला विचारा, तुम्हाला का नाही सांगितलं म्हणून." मी म्हटलं, विचारलंय, ती बोलत नाही. ती म्हणाली, "तुम्ही 'काय झालंय' ते विचारलंत. 'का नाही सांगितलं' ते नाही विचारलंत." आणि दप्तर उचलून कामाला गेली. पोरीला शिकवलं तेव्हा असं बोलायला शिकेल असं वाटलं नव्हतं.

ही पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. मी खुर्ची ओढून बसलो आणि विचारलं.

हातातली घडी पुरी केली, मग बोलली. "अंगावरून जातंय माझ्या. पाळी जाऊन अकरा वर्षं झाली. आता सात महिने परत जातंय."

मला पहिल्यांदा नीट समजलंच नाही. मग समजलं, आणि चादरीसुद्धा समजल्या.

मी म्हटलं, सात महिने आणि मला एका शब्दाने नाही? मी काय ऐकून घेतलं नसतं?

"घेतलं असतंत," ती म्हणाली. "पण लगेच उत्तर दिलं असतंत. उष्णता झाली म्हणाला असतात, दोन औषधं सांगितली असतीत, आणि मलाही वाटलं असतं की झालं. त्या डॉक्टरने विचारलं आणि गप्प बसली. मी बोलेपर्यंत गप्प बसली. फोनमधली बाईसुद्धा गप्प. मला आधी वाटलं फोन कटला. मग कळलं, माझ्यासाठी थांबल्यात."

मी सांगितलं की परक्या बाईला, तेही फोनवरच्या, जिचं तोंड पाहिलेलं नाही, तिला सांगता येतं आणि मला नाही, हे मला पटत नाही. तेव्हा तिने मूळव्याधीचं काढलं.

वीस वर्षं झाली असतील त्याला. तेव्हा तिने मला सांगितलं होतं आणि मी लगेच हालचाल केली होती. धाकट्या भावाकडे सगळे जेवायला बसलो होतो, मी विषय काढला, पाच जणांनी पाच उपाय सांगितले. त्यातल्या एकाचा गुणही आला. थोडं हसणं झालं, नाही असं नाही, पण घरचीच माणसं. माझ्या आठवणीत तो दिवस चांगला होता. तिने आज सांगितलं की ती पाणी आणते म्हणून उठली ती परत ताटावर आलीच नाही, आणि जाऊबाईंच्या न्हाणीघरात जेवणं संपेपर्यंत उभी राहिली. "तुम्ही दोनदा भात घेतलात," ती म्हणाली. "मी आतून ऐकत होते."

मी म्हटलं, अगं पण.

ती म्हणाली, "हेच."

आणि पुढची घडी घालायला लागली.

शुक्रवार, १३ मार्च

राग आहे, पण कुणावर धरावा ते ठरत नाही. सकाळी डॉक्टरीणबाईंवर होता. दुपारी हिच्यावर. अशा गोष्टी कुणी सात महिने लपवतं? माणूस मरून जाईल. मग ऑगस्टपासूनची पानं उलटली. या वहीत मी सगळं लिहितो. ऑगस्टात लिहिलंय, लिफ्ट बंद, तिसरा दिवस, लेखी तक्रार केली. सप्टेंबरात, वर्गात शाबासकी मिळाली. खालच्या मजल्यावरच्यांच्या रेडिओबद्दल तर तीन पानं आहेत. हिच्याबद्दल फेब्रुवारीच्या आधी एकच ओळ सापडली. 'ही बरी आहे.'

हे कुणी लिहिलं? कशावरून लिहिलं? माझ्या हाताखालच्या कारकुनाने असा शेरा मारला असता तर मी कागद त्याच्या तोंडावर फेकला असता. जागेवर जाऊन पाहिलंस का, असं विचारलं असतं.

मंगळवार, १७ मार्च

मोठ्या हॉस्पिटलात निकाल सांगायला बोलावलं होतं. लेक, ही आणि मी. मला या म्हणून कुणी म्हटलं नाही, येऊ नका असंही नाही. इथली डॉक्टर वेगळी, वयाने मोठी, पिकलेल्या केसांची. टेबलावर पुन्हा फोन. हिला परत विचारलं, कोणकोण बसलेलं चालेल.

हिने लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "दोघंही बसू देत. पण बोलणार मी."

तपासायला काढलेल्या तुकड्यात कॅन्सर निघाला. गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरात. तो शब्द सगळीकडे सारखाच आहे. डॉक्टर बोलल्या तेव्हाच आम्हाला कळलं, फोनमधली बाई तो मराठीत सांगेपर्यंत मध्ये तीनचार सेकंद गेले असतील. तेवढ्या वेळात मला खोलीतलं सगळं सामान दिसलं, खिडकीचा पांढरा पडदा, वजनकाटा, भिंतीवरची हात धुण्याची चित्रं.

पिशवी काढायची, लवकर काढायची. आणखी कुठे पसरलंय का ते काढल्यावर, तपासल्यावर कळणार.

माझ्या तोंडात दहा प्रश्न होते. इतकी तपासणी आधी का नाही, एकवीस दिवस का थांबवलं, त्या एकवीस दिवसांत पसरलं असेल तर जबाबदार कोण. खुर्चीच्या हाताला नखं रोवून बसलो. हिने तीन प्रश्न विचारले. किती दिवस राहावं लागेल. ऑपरेशनच्या वेळी अंगावर पांघरूण असेल ना. आणि ही गोष्ट सात महिने सांगितली नाही म्हणून वाढली का.

डॉक्टरांनी पहिल्या दोन्हींचं उत्तर लगेच दिलं. तिसऱ्याला खुर्ची हिच्याजवळ ओढली. मग म्हणाल्या की ते नक्की सांगता येत नाही, पण तुम्ही आता सांगितलंत, आणि पुष्कळ बायका आताही सांगत नाहीत.

एकवीस दिवसांचा प्रश्न शेवटी लेकीने विचारला. डॉक्टरांनी माफी मागितली. तोंडी.

सोमवार, ३० मार्च

ऑपरेशन झालं. सकाळी आठला नेलं, बाराच्या पुढे आणलं. मधल्या वेळाबद्दल लिहिता येत नाही.

दुपारी नर्सने मला विचारलं की शुद्धीवर आल्यावर यांना काय प्यायला आवडेल. मी अभिमानाने सांगितलं, गार दूध. तिला रोज लागतं. पलंगावरून आवाज आला, ओठ धड हलत नव्हते, पण शब्द स्पष्ट होते. "दूध नको. मला कधीच आवडलं नाही."

नर्सला मराठी येत नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मला भाषांतर करावं लागलं. केलं, जसंच्या तसं.

शनिवार, ११ एप्रिल

निकाल फोनवर कळवणार होते. काल सकाळपासून फोन टेबलाच्या मध्यभागी ठेवला होता आणि आम्ही दोघं त्याच्या दोन बाजूंना. अकरा वाजून गेल्यावर वाजला. मी हात पुढे केला होता. तिने तो माझ्या हाताखालून उचलला, कानाला लावला, आपलं नाव सांगितलं आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

दार लावायची काय गरज होती हे मला अजूनही समजत नाही. घरात मी एकटा होतो. माझ्यापासून आता काय राहिलंय? मी दारापर्यंत गेलो, कडीवर हात ठेवला. आतून नुसतं "हं", "हं" ऐकू येत होतं, मग तेही थांबलं. मी स्वयंपाकघरात गेलो आणि नळ सोडला, म्हणजे ऐकू येणार नाही. पाणी किती गेलं याचा हिशेब ठेवला नाही.

दार उघडलं तेव्हा मी नळाशीच उभा होतो. म्हणाली, "नळ बंद करा. इकडे या, बसा. सांगते."

बसलो. तिने सगळं क्रमाने सांगितलं. पसरलेलं नाही. कडेपर्यंत सगळं निघालंय. किरणांची गरज नाही, औषधाची नाही. तीन महिन्यांनी दाखवायला जायचं, मग दर सहा महिन्यांनी. सांगून झाल्यावर ती जरा वेळ रडली, आणि मी टेबलावरची फोनची वायर गुंडाळत बसलो, कारण माझंही काही ठीक नव्हतं. मी काहीच बोललो नाही. बराच वेळ. शेवटी तिनेच विचारलं, "अहो, ऐकलंत ना?" मी म्हटलं, ऐकलं.

मग नाक पुसून म्हणाली, तीन महिन्यांनी दाखवायला ती एकटी जाणार आहे. बसने. कुठली बस ते तिने लेकीकडून शिकून घेतलंय, फोनवरची बाई असतेच भाषेला. मी म्हटलं, आणि मी काय करायचं? म्हणाली, तुम्ही स्टॉपपर्यंत या.

स्टॉपपर्यंत. अडतीस वर्षांनंतर माझी हद्द स्टॉपपर्यंत. हे मला मुळीच मान्य नाही आणि तसं मी तिला स्पष्ट सांगितलं आहे. तिने ऐकून घेतलं आणि उत्तर दिलं नाही.

आज सकाळी जाऊन स्टॉप पाहून आलो. बाक एक आहे, पण त्याची एक फळी सुटली आहे, बसलं तर टोचेल. छप्पर नाही. बस दर वीस मिनिटांनी आहे असं पाटीवर लिहिलंय, मी तासभर उभा राहिलो, तीनच्या ऐवजी दोन आल्या. पायरीही उंच आहे, टाके असलेल्या बाईला चढवणार नाही. जुलैपर्यंत टाके भरलेले असतील, पण तो मुद्दा नाही.

तक्रार लिहायला घेतली आहे. एकच पान. सही करायच्या आधी तिला वाचायला देणार आहे.